सीडर राइजच्या फलकाखालची जमीन

मी, टेम्परन्स लुएला थॅक्स्टन, वय सत्तावीस, राहणार सीडर राइज, कूपर्स फेरी रस्ता, अलाबामा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहीत आहे. मालमत्तेकडे वळण्याआधी एक चूक दुरुस्त करणे भाग आहे, कारण खाली मी जे देणार आहे त्यातले बरेचसे त्या चुकीवर उभे आहे.

२०१६ साली आमच्या घरासमोर रस्त्यालगत ऐतिहासिक फलक लागावा म्हणून अर्ज गेला. त्यासोबतचे निवेदन मी लिहिले होते. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. त्यातल्या सातव्या परिच्छेदात म्हटले आहे की, या आवारात लोखंडी कुंपणातील थॅक्स्टन कुटुंबाच्या अकरा थडग्यांखेरीज अन्य कुणाचेही दफन नाही. हे खरे नाही. आणखी निदान सव्वीस आहेत. दोन वर्षांपूर्वी केलेल्या पहिल्या मृत्युपत्रातही मी हेच विधान पुन्हा लिहिले, आणि तेव्हा ते खोटे असल्याचे मला ठाऊक होते.

माझी बुद्धी शाबूत आहे. मी काळजी फार करते, घरातून निघताना शेगडी तीनदा बघते, हे माझा भाऊ कोर्टात शपथेवर सांगू शकेल. पण काळजी म्हणजे वेड नव्हे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे आणि तो कागद सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांनी माझ्या हृदयाची एक झडप बदलायचे ठरवले आहे. शस्त्रक्रिया १९ मे रोजी आहे. शंभरातले सत्त्याण्णव जण आपल्या पायांनी घरी जातात, असे ते म्हणाले. मी विचारले, “आणि उरलेले तिघं?” ते म्हणाले, “तुम्ही सत्त्याण्णवांत आहात असं धरून चालू या.” मला असे धरून चालता येत नाही. म्हणून हा कागद.

कलम १. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्याची प्रत डाव्या कपाटात आहे. ती जाळू नये. मी काय लिहिले होते ते राहू द्यावे.

कलम २. बाबांच्या मागे माझ्या नावे आलेले घर, म्हणजे सीडर राइज, त्याचे सहा खांब, दोन्ही जिने, गळके छप्पर आणि भोवतालची छत्तीस एकर जमीन माझा भाऊ प्रेस्टन हार्लन थॅक्स्टन यास द्यावी. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणूनही मी त्यालाच नेमते. आमचे पटत नाही, पण त्याने आजवर एकही कागद हरवलेला नाही.

प्रेस्टन, तुला इथे लग्नसमारंभ भरवायचे आहेत. नवरीचा फोटो खांबांपाशी, वऱ्हाडाचा फोटो फलकापाशी, असे तू मला कागदावर काढून दाखवले होतेस. मी तीन वर्षे नाही म्हणत राहिले आणि कारण सांगितले नाही. तू म्हणालास, “तुला कुणी मागणी घालत नाही म्हणून दुसऱ्यांची लग्नं डोळ्यांत खुपतात.” ते मी विसरलेले नाही, पण दोष निम्मा माझा आहे, कारण खरे कारण तुला ठाऊक नव्हते. ते कलम ४ मध्ये आहे. ते वाचून मग ठरव, वऱ्हाड कुठे उभे करायचे ते.

कलम ३. रस्त्यालगतची, सीडरच्या झाडांखालची दोन एकर जमीन, जिच्यावर हल्ली खडी टाकलेली आहे आणि फलक पाहायला थांबणाऱ्या गाड्या उभ्या राहतात, ती वरच्या छत्तीस एकरांत धरू नये. ती मिस ओरा ली गेन्स यांना आणि त्यांच्यामागे त्यांच्या वारसांना द्यावी; का, ते कलम ८ मध्ये आहे. बँकेत माझ्या नावे जे असेल ते खडी काढून त्या जागेला कुंपण घालण्यासाठी खर्च व्हावे. खडी हातांनी काढावी. तिथे पुन्हा यंत्र नेऊ नये.

कलम ४. माझे संग्रहालय.

मी शाळेत गेले नाही. आधी आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर अक्षरे शिकवली आणि मी नऊ वर्षांची असताना ती गेल्यावर बाबांनी बाकीचे सगळे. बाबा चांगले शिक्षक होते, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढचे वाचून कुणाला तसे वाटणार नाही. मी अकरा वर्षांची असताना त्यांनी मला इतिहासाचा एक प्रकल्प दिला. आवारात फिरायचे, जमिनीवर जे जमिनीचे नाही ते उचलायचे, त्याला क्रमांक द्यायचा आणि ते नेमके कुठे मिळाले ते वहीत लिहायचे.

सीडरच्या झाडांखाली निळ्या फुलांची एक वेल जमिनीलगत दाट पसरलेली होती. तिच्यात तलवारीसारख्या पानांची झुडपे होती, ओळीने नव्हेत, पण अगदी रानासारखीही नव्हेत. त्या वेलीत मला शंख मिळाले.

“शंख रानात उगवतो का?” बाबांनी विचारले.

“नाही.”

“मग इथं कुठून आला?”

“माहीत नाही.”

“मग तसं लिही. न कळलेलं लिहून ठेवायची लाज वाटू द्यायची नाही.”

मी लिहिले. चौदा शंख, सहा उभे रोवलेले दगड, निळ्या काचेच्या तीन बाटल्या, एक दिवा, दोन कप. तिसऱ्या सीडरपासून किती पावले दक्षिणेला, किती पूर्वेला, तेही प्रत्येकापुढे लिहिले. क्रमांक एकोणीसपुढे माझ्या अक्षरात असे आहे: “पांढरा चिनी मातीचा कप. कान नाही. तळाला भोक. निरुपयोगी.”

सगळे उचलून झाल्यावर बाबांनी ट्रॅक्टर आणला. वेल आणि झुडपे मुळासकट काढली, जमीन सपाट केली आणि गवत पेरले. “आता कसं मोकळं दिसतंय,” असे ते म्हणाले आणि मलाही तसेच वाटले. त्या दिवशी आम्ही दोघांनी तिथे चादर अंथरून जेवण केले.

सात वर्षांनी विनीआत्याने, म्हणजे बाबांच्या बहिणीने, फलकाचे मनावर घेतले. ती आमच्या गावच्या इतिहास मंडळाची अध्यक्ष होती आणि निवेदन मी लिहावे असे तिनेच ठरवले. लिहिताना मी तिला विचारले होते.

“आत्या, इथल्या गुलामांना कुठं पुरलंय?”

“चर्चमागं. सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“मग सीडरखाली ते शंख कुठून आले?”

“कुणीतरी मोबीलला समुद्रावर गेलं असेल, आणखी कुठून येणार! टेम्पी, फलकावर अक्षरं मोजून बसवतात. तुझ्या एकेका शंखाला तिथं जागा नाही.”

मी पुढे विचारले नाही. मला चर्चमागे जाऊन पाहता आले असते. ते अर्ध्या मैलावर आहे. नंतर गेले तेव्हा दिसले की तिथले सगळ्यात जुने थडगे १८९१ सालचे, म्हणजे गुलामगिरी संपून पंचवीस वर्षे उलटल्यानंतरचे आहे.

फलक कुठे लावायचा आणि गाड्या कुठे थांबवायच्या, ही जागाही मीच सुचवली. निवेदनात माझेच शब्द आहेत: “रस्त्यालगत सपाट, मोकळी व विनावापर जागा उपलब्ध आहे.” त्यावर खडी पडली. फलकाचे अनावरण झाले तेव्हा आत्याने मोत्यांची माळ घातली होती आणि मला पुढे उभे केले होते. फलकावर लिहिले आहे की कर्नल ऑगस्टस थॅक्स्टन यांनी १८४८ साली हे घर बांधले आणि मूळ आवार व दफनभूमी आजही अबाधित आहे. कर्नलसाहेबांनी आयुष्यात एक वीट उचलली असेल असे मला वाटत नाही, पण त्या वाक्याबद्दल आत्याशी भांडायची बुद्धी मला तेव्हा झाली नाही.

२०२२ साली गावच्या वाचनालयात एका प्राध्यापक बाईंचे भाषण झाले. विषय होता गुलामांची थडगी कशी ओळखावीत. त्यांनी पडद्यावर निळ्या फुलांची वेल दाखवली. मग तलवारीच्या पानांची झुडपे. मग शंख. माणूस गेला की त्याने शेवटी वापरलेला कप किंवा दिवा थडग्यावर ठेवायचा, आणि ठेवण्याआधी मुद्दाम फोडायचा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाला त्याच्यामागे जावे लागत नाही, असे त्या सांगत होत्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. भाषण संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या, घरी आले आणि माळ्यावरून वही काढली.

तेव्हापासून चार वर्षे मला ठाऊक आहे.

वहीतली पावले अकरा वर्षांच्या मुलीची आहेत. पण वहीत तिसऱ्या सीडरपासून विहिरीपर्यंतचे अंतरही चौसष्ट पावले असे लिहिले आहे, आणि सीडर व विहीर दोन्ही जागच्या जागी आहेत. मी टेपने मोजले: एकशे बारा फूट. म्हणजे एक पाऊल एकवीस इंचांचे. त्यावरून मी नकाशा केला आहे. वस्तू सव्वीस, म्हणून थडगी निदान सव्वीस धरली आहेत. एका थडग्यावर दोन वस्तू असू शकतात आणि वस्तूच नसलेली थडगीही असू शकतात. हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिले आहे. फलकाचा खांब क्रमांक सातवर उभा आहे.

सदर सव्वीस वस्तू मी वर ‘माझे संग्रहालय’ म्हणून लिहिल्या. ते खोडावे. त्या कधीच माझ्या नव्हत्या, त्यामुळे त्या मृत्युपत्राने देताही येत नाहीत. फक्त परत करता येतात.

कलम ५. बाबांची अवजारे, म्हणजे करवती, कलमे बांधायचा चाकू, मोजपट्ट्या आणि फळा, शेजारच्या ओटिसकाका प्रुइट यांच्या पुतण्याला, रसेलला द्यावीत. ट्रॅक्टर विकावा. तो विकताना कुणी विचारले तर चांगला चालतो असे सांगावे, कारण चालतो.

पृथ्वीचा गोल आणि माझी सगळी शालेय पुस्तके वाचनालयाला.

कलम ६. विनीआत्याची मोत्यांची माळ तिने मला दिली ती “निवेदन सुंदर लिहिल्याबद्दल”. ती मी एकदाही घातलेली नाही. ती इतिहास मंडळाला परत द्यावी आणि सोबत निवेदनाच्या दुरुस्तीची प्रत द्यावी. माळ ठेवून प्रत परत करता येणार नाही. दोन्ही एकत्र घ्यावे किंवा दोन्ही नाकारावे. आत्या, तू गेलीस तेव्हा मी खूप रडले, आणि तुझ्यावरचा राग अजूनही आहे. दोन्ही खरे आहे.

कलम ७. आईचा बिडाचा तवा शेजारच्या डेलकाकू प्रुइट यांना द्यायचा माझा विचार होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेणे बरोबर नाही असे मी वाचले, म्हणून मी त्यांना विचारले, तवा हवा की साक्षीदार व्हायचे? त्यांनी दहा मिनिटे विचार केला आणि म्हणाल्या, “तुझा हा कागद दुसरं कुणी शेवटपर्यंत वाचणार नाही. होते मी साक्षीदार.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण तवा प्रेस्टनच्या हाती जाऊ देऊ नको, तो साबणानं घासेल.” म्हणून तवा चर्चच्या स्वयंपाकघराला.

मला लोखंडी कुंपणात पुरू नये. तिथे जागा आहे आणि दगडावर कोरायचा मजकूरही बाबांनी लिहून ठेवला आहे, हे मला माहीत आहे. मला चर्चमागे कुठेही चालेल.

कलम ८. (हे कलम मी खोडले आहे, पण वाचता येईल असे खोडले आहे. का खोडले ते कलम ९ मध्ये आहे.)

माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत वही, नकाशा, सव्वीस वस्तू आणि एक बंद पाकीट व्यवस्थापकाने मिस ओरा ली गेन्स यांच्या घरी पोहोचवावे. पाकिटात माझे पत्र आहे. त्यात पुढील गोष्ट सांगितली आहे.

मे महिन्याचा दुसरा रविवार हा आमच्या भागात थडगी सजवण्याचा दिवस; सगळे गाव चर्चमागे जमते आणि तिथेच जेवते. मिस ओरा दर वर्षी आधी चर्चमागे आपल्या माणसांची थडगी झाडतात आणि मग एक गुच्छ घेऊन आमच्या रस्त्यावर येतात. दोन वर्षांपूर्वी त्या खडीच्या कडेला उभ्या होत्या. मी पत्रपेटीपाशी होते.

“टेम्पी, तू हार्लनची लेक ना? तुझ्या बाबांनी इथली झाडी काढली तेव्हा तू एवढीशी होतीस.”

“हो, मिस ओरा.”

“मग तुला माहीत असेल बघ. माझी आजी सांगायची, तिची आजी या सीडरखाली आहे. डायसी नाव तिचं. उशाशी पांढरा कप ठेवलाय, कान मोडलेला. कुठंशी होता गं तो?”

कप माझ्या खोलीत होता. दक्षिणेला बावीस पावले, पूर्वेला नऊ. हे मला न बघता सांगता आले असते.

“मला आठवत नाही, मिस ओरा,” मी म्हणाले.

“असू दे. ठेवते इथंच कुठंतरी. म्हातारीचं नाक तिखट होतं म्हणे, फुलं हुडकत येईल.” असे म्हणून त्या हसल्या आणि गुच्छ खडीवर ठेवून गेल्या. तो गुच्छ डायसीपासून एकोणतीस फुटांवर होता. गेल्या वर्षीही त्या आल्या. मी खिडकीतून पाहिले आणि खाली गेले नाही.

कलम ९. आज डेलकाकू आणि त्यांचे यजमान ओटिसकाका साक्षीदार म्हणून आले. आमच्या ओसरीवर बसून गार चहा घेतला. डेलकाकू वाचल्याशिवाय पार्सलच्या पावतीवरही सही करत नाहीत. मी म्हणाले, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. त्या म्हणाल्या, “गरज नसते, हौस असते.” आणि चष्मा लावला. कलम आठपाशी थांबल्या.

“हे मेल्यावर द्यायचं?”

“हो.”

“आणि नाही मेलीस तर?”

“तर मग… मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होतं, डेलकाकू.”

“म्हणजे तू वाचलीस तर ओराला तिच्या आजीची आजी मिळायची नाही.”

मी असा विचार केला नव्हता. चार वर्षे सगळ्या बाजूंनी विचार केला, पण असा केला नव्हता.

ओटिसकाका सहसा बोलत नाहीत. ते म्हणाले, “ओरा चौऱ्याऐंशीची आहे. तू वाचलीस तर आणखी पन्नास वर्षं जगशील. तेवढा दम तिला धरता यायचा नाही.”

“त्या रागावतील,” मी म्हणाले.

“रागावू दे की! रागवायचा हक्क आहे तिला,” डेलकाकू म्हणाल्या. “तू मेल्यावर पाकीट पाठवणार, म्हणजे ती रागवेल तेव्हा तू घरी नसणार. छान सोय केलीस हो स्वतःची.”

“पण मी जाऊन सांगू काय?”

“हेच, जे इथं लिहिलंयस. फक्त ‘सदर’ आणि ‘पुढील’ गाळ.”

मी रडले, हे लिहून ठेवते, नाहीतर प्रेस्टन म्हणेल की सही करताना मी शुद्धीवर नव्हते. मी पूर्ण शुद्धीवर होते. रडून झाल्यावर आम्ही चहा संपवला आणि मी त्यांच्यासमोर कलम आठवर रेघ ओढली.

त्याऐवजी असे ठरले. वही, नकाशा आणि सव्वीस वस्तू मी जिवंतपणी, स्वतः, मिस ओरांच्या दारात नेऊन देईन. वस्तू टोपलीत नेईन. कप हातात नेईन. मला आठवत नव्हते असे मी म्हणाले ते खोटे होते, हे आधी सांगेन आणि मग बाकीचे. आत बोलावले तर आत जाईन, दार लावले तर ओसरीवर टोपली ठेवून येईन. दोन एकरांची जमीन मृत्युपत्राची वाट न पाहता त्यांच्या नावे करून देईन, त्यांना ती माझ्याकडून घ्यायची असेल तर. निवेदनाची दुरुस्ती फलक लावणाऱ्या कचेरीला पाठवीन. हे सर्व मी [खोडलेले: रविवार, दिनांक १० मे] रोजी करीन.

शस्त्रक्रियेनंतर मी घरी आले तर हे मृत्युपत्र पुन्हा लिहावे लागेल. त्यात कलमे कमी असतील.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे आणि मला मान्य आहे.

टेम्परन्स लुएला थॅक्स्टन (सही)

आमच्यासमोर सही झाली. मजकूर आम्ही वाचला, ओटिसने निम्मा.

साक्षीदार १: डेल मरिया प्रुइट (सही)
साक्षीदार २: ओटिस जे. प्रुइट (सही)

ठिकाण: सीडर राइजची ओसरी, कूपर्स फेरी रस्ता, अलाबामा
दिनांक: बुधवार, २२ एप्रिल २०२६

सहीनंतरची नोंद: सह्या झाल्यावर डेलकाकूंनी कलम नऊ पुन्हा वाचले आणि विचारले, “दहा मे? सजावटीच्या रविवारी, सगळ्या गावासमोर, एका हातात तळलेली कोंबडी घेऊन सांगणार आहेस तिला? अठरा दिवस आहेत अजून. सतराव्या दिवशी तू कारण शोधशील, मी ओळखते तुला.” मी म्हणाले की मला तयारीला वेळ हवा. ओटिसकाकांनी विचारले, “टोपली आहे का घरात?” टोपली आहे. तेव्हा कलम नऊमधला दिवस मी खोडला आहे आणि खोडलेल्या जागी आम्हा तिघांच्या आद्याक्षरे आहेत. त्या जागी असे वाचावे: उद्या, गुरुवार, दिनांक २३ एप्रिल २०२६.